एक आवर्तन जास्तीचं

आमच्या कराडच्या घरात एक कॅसेट आहे. साठ मिनिटांची, कडेला पिवळी पडलेली, लेबलावर अण्णांच्या अक्षरात 'गवळण, ठेका, धाकटीसाठी' एवढंच लिहिलेलं. ए बाजूला सुरुवातीची साडेनऊ-दहा मिनिटं नुसती ढोलकी वाजते. गाणं नाही, पेटी नाही, टाळ नाहीत. मग खरखर आणि शेवटी बटण दाबल्याचा खट्ट आवाज.

धाकटी म्हणजे माझी आत्या. १९९७ साली लग्न होऊन ती पाटणकडे गेली, तिथल्या महिला भजनी मंडळात गवळण म्हणायला लागली. सरावाला ढोलकी कुठून आणायची, म्हणून अण्णांनी तिला हा ठेका टेप करून दिला. तिने तो वर्षानुवर्षं वापरला आणि तिचा टेपरेकॉर्डर मोडल्यावर कॅसेट परत आमच्याकडे आली. सहाव्या मिनिटाला पाठीमागे एक मूल रडायला लागतं. ते मी.

अण्णा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. हजेरी, पाळ्या, ओव्हरटाइमचे तास. सुट्टीच्या दिवशी आणि लग्नसराईत ते ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचे. मग ऑक्टापॅड आला. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड १९८५ सालचा, पण आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रांपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. पोचल्यावर मात्र त्याने फार वेळ घेतला नाही. एकच माणूस दोन काठ्या घेऊन डफ, ढोलक, कोंगो, घुंगरू सगळं काढायला लागला आणि स्टेजवरच्या तीन-चार खुर्च्या कमी झाल्या. अण्णांना शेवटी शेवटी फक्त लावणी असली तर बोलवत. यावर ते कधी तावातावाने बोलल्याचं मला आठवत नाही. फक्त तारा लावून वाजणाऱ्या कुठल्याही वस्तूला ते 'खोकं' म्हणतात, आणि त्या शब्दात जे काय असायचं ते असतं.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मी पुण्यात एक सेकंडहँड सॅम्पलर घेतला तेव्हा घरी किंमत निम्मीच सांगितली.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं बऱ्यापैकी सुधारलं, उजवा हात नाही सुधारला. ढोलकीत धुमाची बाजू डाव्या हाताला आणि शाईची उजव्या. एका हाताने ढोलकी वाजत नाही, वाजते ती निम्मी. आईने ती खोळ घालून खुंटीला अडकवून ठेवली. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आतेबहीण सहज म्हणाली की यंदा घरच्या आरतीनंतर आईची गवळण मी म्हणेन. मी म्हटलं, मग ढोलकी अण्णांचीच. कॅसेट सॅम्पलरमध्ये घालतो, त्याच्यासोबत टाळ आणि खाली जरासा बास लावतो, अण्णांना सांगायचं नाही. महिना होता हातात. माझा अंदाज एका शनिवारचा होता.

सॅम्पलर म्हणजे आवाज साठवून तो हव्या त्या क्षणी वाजवणारं यंत्र. माझ्याकडच्यात सिक्वेन्सरही आहे. कुठल्या मात्रेला कुठला आवाज वाजवायचा, याची ती वही समजा. टाळ, बास, घुंगरू अशा छोट्या आवाजांचं सोपं असतं. मात्रा आली की वही सांगते, 'वाज', आवाज वाजतो आणि विरतो. लांब सॅम्पलची गोष्ट वेगळी. त्यालाही वही एकदाच 'वाज' म्हणते. त्यानंतर ते आपल्या वेगाने जातं. पोराला स्टँडवर एसटीत बसवून दिलं की पुढे ती कधी पोचणार हे ड्रायव्हर आणि घाट ठरवतात, तसं. दोन यंत्रं जोडली तरी फरक पडत नाही. मिडीचं घड्याळ एका ठोक्यात २४ टिकटिक पाठवतं, पण ती ऐकतो सिक्वेन्सर. एकदा सुटलेली ध्वनीफाइल मुळात ती टिकटिक ऐकतच नाही.

जुन्या यंत्रांना ही अडचण फारशी नव्हती, कारण त्यांना लांब काही वाजवताच यायचं नाही. १९६३ च्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असायची आणि ती साधारण आठ सेकंदांत संपायची. हिपहॉपवाल्यांच्या लाडक्या एसपी-१२०० मध्ये (१९८७) सगळे आवाज मिळून दहा सेकंद मावायचे, म्हणून लोक ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर वाजवून भरायचे आणि मग आत वेग उतरवायचे. एवढ्याशा तुकड्यात लय सुटायला सवडच मिळत नाही. आता कार्डावर तासन्‌तास मावतात आणि सवड भरपूर.

माझं पहिलं काम कॅसेटचा खरा वेग शोधणं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे, पण घरगुती टेपरेकॉर्डर एक-दोन टक्के इकडेतिकडे असतोच, आणि ज्यावर भरली तो वेगळा, मी वाजवली तो वेगळा. दोन टक्के म्हणजे दहा मिनिटांत बारा सेकंद. हे सुटलं ते अण्णांमुळेच. मी आडून विचारलं, आत्याची पट्टी कुठली होती? म्हणाले, "काळी चार. ढोलकी पण काळी चारलाच लावायचो." शाईचा स्वर काळी चारला येईपर्यंत मी फाइलचा वेग फिरवला, आणि लांबी निघाली ९ मिनिटं ३९ सेकंद.

मग मात्रा मोजल्या. केरवा, आठ मात्रांचं आवर्तन. एकूण १९३ आवर्तनं, म्हणजे १५४४ मात्रा. भागाकार केला तर मिनिटाला बरोबर १६०. इतका गोल आकडा आला की मला वाटलं काम झालं. सिक्वेन्सर १६० वर लावला, पहिल्या समेला फाइल सोडली. सुरुवात झकास. तिसाव्या सेकंदाला टाळ पुढे निघून गेलेले. चौथ्या-पाचव्या मिनिटाला भजनी मंडळाच्या दोन दिंड्या एकाच गल्लीत समोरासमोर याव्यात तसा गोंधळ. आणि नवव्या मिनिटानंतर सगळं हळूहळू जवळ येत शेवटच्या समेला एकत्र.

कारण साधं होतं. अण्णा १५२ ने सुरू करतात आणि १६८ ला संपवतात. सरासरी १६० येते, पण मध्यावर ढोलकी यंत्राच्या तब्बल १९ मात्रा मागे असते. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मध्ये कोणीच कोणाबरोबर नाही.

इथे एक कबुली. माझी नोकरी याच गोष्टीची आहे. वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर एकाच वेळी चाललेल्या कामांचा हिशेब जुळवायचा. प्रत्येक सर्व्हरचं घड्याळ थोडं चुकतं. साधा क्वार्ट्झ स्फटिक दशलक्षात ५० भाग चुकला तर दिवसाला चार सेकंद जातात. दोन सॅम्पलर विरुद्ध बाजूंना तेवढेच चुकत असतील, तर पावणेदहा मिनिटांत ५८ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, आणि ५८ मिलिसेकंदांनी सरकलेली थाप कानाला दोन थापा म्हणून ऐकू येते. हे सगळं मला पाठ. म्हणून मी अण्णांच्या लयीकडेही तसंच बघितलं. घड्याळ चुकतंय, दुरुस्त करू.

टाइमस्ट्रेच नावाची सोय असते. यंत्र आवाजाचे वीस-तीस मिलिसेकंदांचे कण करतं. लांबवायचा असेल तर काही कण दोनदा वाजवतं, आखडायचा असेल तर काही गाळतं. स्वर तोच राहतो, वेळ बदलते. बासरीवर, तंबोऱ्यावर हे छान चालतं. ढोलकीवर थापेचं टोक बोथट होतं आणि धुमाचा घुमारा, जो घशातून आल्यासारखा वर चढत जातो, तो पाण्यात बुडबुडे आल्यासारखा वाजतो. तरी मी चिकाटीने लॅपटॉपवर प्रत्येक समेला खूण घातली आणि १९३ च्या १९३ आवर्तनं समान लांबीची केली. दोन रात्री गेल्या. मधे एक खोडा निघाला. दर चार आवर्तनांनी अण्णा एक छोटा तोडा घेतात, अगदी नियमाने. अठरा वेळा बरोबर. एकोणिसाव्या वेळी, म्हणजे पावणेचार मिनिटांच्या सुमाराला, तोडा चारऐवजी पाच आवर्तनांनी येतो आणि मग पुन्हा शेवटपर्यंत चार. माझ्या वहीत ते बसेना. मी ते एक जास्तीचं आवर्तन कापून टाकलं. कामावर मी याला बग फिक्स म्हटलं असतं. टाळ बसले, बास बसला.

आठवडाअखेरी कराडला गेलो. गुपित पोटात राहीना, म्हणून अण्णांना हेडफोन लावून ऐकवलं. ते डोळे मिटून बसले. डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती. मला बरं वाटत होतं. मग बोटं थांबली, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं,

"कोण वाजवतंय?"

"तुम्हीच की, अण्णा."

"हं," म्हणाले. आणखी मिनिटभर ऐकलं, हेडफोन काढला, "चांगलं केलंयस," म्हणाले आणि आईला बातम्या लावायला सांगितलं. सवयीने माझी नजर पडद्यावरच्या काउंटरवर गेली होती. त्यांनी विचारलं तेव्हा तिथे ३:५० होतं.

मी विचारलंच मग, एके ठिकाणी तुम्ही पाच आवर्तनं का घेतली होती? "आसंल काहीतरी," म्हणाले. "टेप करायचं म्हणजे हात जरा जड हुतो."

पुण्याला परत येताना वाठारच्या पुढे आत्याला फोन लावला. तिला वेळ, मात्रा काही सांगावं लागलं नाही. एवढंच म्हटलं, कॅसेटमध्ये एका जागी तोडा उशिरा येतो. ती हसायलाच लागली. "अरं, तिथं मी चुकले हुते. तिसरं कडवं आठवंना. दादानं एक फेरा जास्ती मारला, तवर मला आठवलं. पुन्यांदा करू म्हणलं तर म्हणला, ऱ्हाऊदे, कळत न्हाई कुणाला."

"पण तू कुठं आहेस त्या कॅसेटमध्ये?"

"दारात हुते की. माइक ढोलकीकडं हुता. मी हळू म्हणत हुते, त्याला लय कळावी म्हणून."

घरी पोचून मूळ फाइल काढली. ढोलकीच्या खालचे स्वर आणि वरची खरखर गाळली, मधला पट्टा उचलला आणि दोन थापांच्या मधल्या जागा कान देऊन ऐकल्या. धुरासारखा एक बाईचा आवाज होता. शब्द लागत नाहीत. पण पावणेचार मिनिटांना तो थांबतो, एक आवर्तनभर नसतो आणि पुन्हा येतो. महिनाभर जी लय मी एकट्या माणसाची चूक म्हणून दुरुस्त करत होतो, ती एकट्या माणसाची नव्हतीच. १५२ चे १६८ अण्णांनी केले, की आत्या रंगत गेली आणि अण्णा तिच्या मागे गेले, हे आता कुठल्या फिल्टरने कळणार?

असाच जमत नसलेला जोड एकाने तसाच ठेवल्याचं उदाहरण मला माहीत होतं. १९६५ साली स्टीव्ह राइश या अमेरिकी संगीतकाराने सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकातल्या एका धर्मोपदेशकाच्या आवाजाचे दोन सारखे लूप दोन टेपरेकॉर्डरवर लावले. ते एकत्र चालायला हवे होते, चालले नाहीत, हळूहळू सुटत गेले. त्याने ते सुटणंच रचना म्हणून स्वीकारलं. मला ती रचना आवडते. पण आमच्याकडे आरतीनंतर गवळण म्हणायची होती. ताई आणि ढोलकी हळूहळू सुटत गेले असते तर काकांनी मध्येच प्रसाद वाटायला घेतला असता.

उपाय सुचला तो ऑफिसात. आमच्या धंद्यात लेस्ली लॅम्पोर्टचा १९७८ चा एक निबंध सगळ्यांना वाचावा लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : विखुरलेल्या यंत्रांत खरी वेळ काय हे धरून बसू नका, घड्याळं जुळणार नाहीत. कुठली घटना कुठल्या घटनेच्या आधी झाली, एवढं नीट सांभाळलं तरी पुष्कळ कामं होतात. मी तो तीनदा तरी वाचला असेन, आणि सॅम्पलरसमोर बसल्यावर एकदाही आठवला नव्हता.

म्हणजे टाइमस्ट्रेच नको. फाइल तोड्यांपाशी कापायची, ४८ तुकडे. सत्तेचाळीस तुकडे चार आवर्तनांचे, एक पाचचा. कापलेलं आवर्तन परत आणलं. माझ्या यंत्रात एका फाइलचे ६४ तुकडे होतात, तेव्हा जागा होती. प्रत्येक तुकडा साधारण बारा सेकंदांचा, आत अण्णांची लय जशीच्या तशी. लय सुटून सुटून बारा सेकंदांत किती सुटणार? पुढच्या समेला पुढचा तुकडा सोडला की हिशेब पुन्हा शून्यावर. इथपर्यंत काही नवीन नाही, लांब सॅम्पल वापरणारे बहुतेक जण शेवटी हेच करतात. फक्त ते तुकडे सोडायचं काम सिक्वेन्सरकडे देतात. मी लॅपटॉपवर चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला : पॅडवर थाप पडली की सॅम्पलरला पुढचा तुकडा मागायचा. सिक्वेन्सर बंद.

पॅड माझ्याकडे नव्हता. कराडात ओळखीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जे मिळालं ते आणलं. अर्थातच ऑक्टापॅड. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. "हे खोकं इथंपण आलं का," म्हणाले. मी त्यांना काय करायचं ते सांगितलं : ताई गाईल, आई टाळ धरेल, समेला डाव्या हाताने एक थाप. एवढीच. तुकडा संपायच्या आत मारली तर मागचा तुटेल, उशीर झाला तर मध्ये शांतता पडेल.

"आणि नुसतं बसलो तर?"

"तर ढोलकी थांबेल."

त्यांनी पॅडवर हात ठेवून बघितला. रबर दाबून बघितलं. "याला घुमारा न्हाई," म्हणाले. मी म्हटलं घुमारा तुमचाच येणार आहे, कॅसेटमधला. पहिल्या दिवशी फार वाईट झालं. ते समेच्या जरा आधी मारायचे. ढोलकीवर हात खाली येऊन आवाज निघेपर्यंतचा वेळ त्यांच्या अंगात मुरलेला, आणि पॅड तर हात टेकला की वाजणारा. मी प्रोग्रॅममध्ये थोडा उशीर घालून देतो म्हटलं. नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपलो होतो, तर माजघरातून ढोलकी ऐकू आली. आई गुणगुणत होती, अण्णा पॅडसमोर.

गौरीच्या दिवशी आरती झाली. आत्या आली होती, गुडघ्यामुळे भिंतीला टेकून खुर्चीत बसली. ताईने काळी चार नाही, पांढरी चारच घेतली. आवाज तेवढा वर जात नाही म्हणाली. मी सगळे तुकडे तीन सूर खाली उतरवले, त्यामुळे ढोलकी जरा संथ आणि जाड झाली. वेग उतरवून सूर उतरवण्यात एवढं बरं असतं, की आवाजाचा पोत फाटत नाही. सोळाव्या तुकड्यानंतर अण्णांना एकदा उशीर झाला. दोन मात्रा नुसते टाळ वाजले. कुणाचं लक्ष गेलं नाही.

एकोणिसावा तुकडा सुरू झाला तेव्हा माझी नजर पडद्यावर होती. या तुकड्यात पाच आवर्तनं आहेत हे मी अण्णांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. ताई तिसऱ्या कडव्याशी आली. तिला शब्द आठवत होते. चौथं आवर्तन भरलं आणि अण्णांचा हात खाली आला, बरोबर समेवर. पाचवं आवर्तन सुरू व्हायच्या आधीच तुटलं आणि विसावा तुकडा लागला.

भिंतीपाशी आत्याने हात वर करून पाच बोटं दाखवली. अण्णांनी ताईकडे बोट केलं, मान हलवली आणि हात परत पॅडवर आणून ठेवला.